कृषी दिनाला दहा मिनिटं बोलायचंय. वसंतराव नाईकांबद्दल नेमकं काय सांगावं?

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात १ जुलैला कृषी दिनाचा छोटा कार्यक्रम आहे आणि दहा मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. समितीत चाळिशीच्या आतली मी एकटीच, त्यात "तुला काय, मोबाइलवर सगळं सापडतं".

सापडतंय खरं. जन्म १ जुलै १९१३, गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ मुख्यमंत्री. महानायक, शिल्पकार, भाग्यविधाते, हरितक्रांतीचे जनक. विशेषणं संपली की लेखही संपतो. त्या अकरा वर्षांत एखाद्या गावातल्या बाईच्या चुलीपाशी किंवा बांधावर काय बदललं, ते कुणी लिहीत नाही.

ऐकायला कोण असणार तेही सांगते. गिरणीत आयुष्य गेलेले आजोबा, त्यांच्या सुना, दहावी-बारावीची मुलं. शेती म्हणाल तर बहुतेकांची कोकणात दोन-तीन भातखाचरं आणि आंब्या-काजूची चार कलमं, तीही चुलत्यांत अडकलेली. मी स्वतः बँकेत आहे. पीककर्ज हा शब्द मला मार्चअखेरच्या तक्त्यातच भेटतो. तेव्हा मुंबईत बसलेला नेता शेतकऱ्यासाठी नक्की काय करू शकतो, हे या लोकांना आपलंसं वाटेल अशा रीतीनं कसं सांगू? आणि ते शनिवारवाड्यासमोर "फाशी द्या" म्हणाले होते, ती गोष्ट खरी की भाषणापुरती?

---

दादर_पश्चिम

आमच्या वडिलांच्या पिढीला नाईक म्हटलं की दोन गोष्टी आठवायच्या. बॅकबेची समुद्रातली भरणी आणि 'वसंतसेना', म्हणजे नाईकांचा हात पाठीशी आहे म्हणून शिवसेनेला पडलेलं टोपणनाव. शेतीचं तुम्ही बघा.

एक मात्र सांभाळा. "मंत्रालयात बसून नाईकसाहेबांनी" असं म्हणू नका. तेव्हा ते सचिवालय होतं. मंत्रालय हे नाव १९७५ साली, ते गेल्यावर पडलं. गिरणीतली माणसं असली तर एखादे आजोबा हमखास उठून सांगतील.

---

जतकर_आबा

ताई, मी कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. मूळचा जत तालुक्यातला, आता मुलाकडे मुलुंडला असतो. नाईकसाहेबांना मी पाहिलेलं नाही, त्यांच्या काळात चड्डीतलं पोर होतो. पण त्या काळात जे उभं राहिलं त्याच्यावर आमची नोकरी चालली, म्हणून दोन शब्द लिहितो. लांबेल, आधीच सांगतो.

शनिवारवाड्याचं आधी उरकू. १९६५ची सभा. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या, असं ते बोलले हे सगळीकडे सांगितलं जातं. भाषणात घ्यायचं तर घ्या, टाळी मिळेल. पण त्या टाळीवर थांबू नका. सात वर्षांनी, बहात्तरला, परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आमच्या ताटात होता. चुलीवर त्याची भाकरी थापताना आई जे बोलायची ते इथं लिहिता येणार नाही. तेव्हा "बोलले आणि करून दाखवलं" असं सरसकट म्हणू नये. त्यांनी संकरित ज्वारी जोर लावून गावोगाव नेली हे खरं. उतारा वाढला हेही खरं. पण ती लवकर तयार होणारी, ठेंगणी ज्वारी. कणसात दाणा भरला आणि वरनं परतीचा पाऊस आला की दाणा काळा पडायचा. कडबाही कमी निघायचा. ज्याच्या दावणीला चार जनावरं त्याला कडबा दाण्याइतकाच लागतो, हे पुण्या-मुंबईच्या बैठकीत कुणाच्या ध्यानात येणार? आमच्याकडं म्हणून लोकांनी रब्बीची जुनी मालदांडी ज्वारी काही सोडली नाही.

आता तुमच्या कामाचं. भाषणाची सुरुवात गहुलीपासून करू नका. तुमच्या पगाराच्या स्लिपवरून करा.

बँकेत आहात ना? कपातीच्या रकान्यात व्यवसाय कर म्हणून दोनशे रुपये दिसतील, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हा कर महाराष्ट्रात १९७५च्या कायद्यानं आला तो मुळात रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरात नोकरी, व्यवसाय करणाऱ्यानं थोडं द्यायचं, सरकारनं त्यात आपली भर घालायची आणि त्यातून खेड्यात काम मागणाऱ्याला काम द्यायचं, असा तो हिशेब. तुमच्या वाचनालयातल्या आजोबांच्या गिरणीच्या पगारातूनही तो कापला गेला असणार. म्हणजे लालबागच्या माणसानं आमच्या बांधावर माती टाकली आहे, फक्त त्याला कुणी सांगितलं नाही.

योजना नाईकांच्या डोक्यातली नव्हे. ती वि. स. पागे यांची. पागे विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातले, आमच्या तासगावकडचे. त्याच तालुक्यातल्या विसापूरला १९६९ साली ती आधी करून पाहिली. नाईक मुख्यमंत्री होते, त्यांनी ती उचलून धरली. आता गंमत बघा. सभापतीच्या हातात खातं नसतं, तिजोरी नसते. अशा माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, एका गावात करून बघायचं आणि मग राज्याच्या पातळीवर न्यायचं, हे मुख्यमंत्र्याचं काम. मला विचाराल तर हेच त्यांचं शेतीतलं सगळ्यात मोठं काम. संकरित बियाणं आज ना उद्या आलंच असतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमची आई नालाबांधावर होती, म्हणजे ओढ्यात पाणी अडवायला मातीचा बांध घालायच्या कामावर. वडील खडी फोडायला. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा, मग चौकडी, म्हणजे खणायचा चौकोन, आखून द्यायचा. बायका पाटीनं माती वाहायच्या. किती खोदलं ते कळावं म्हणून मधे मातीचा एक खुंट तसाच सोडायचे, त्याच्यावरनं मोजमाप. मोजायला येणारा माणूस चांगला असला तर आठवडा बरा जायचा. नसला तर आई रात्री घरी येऊन भांडी आपटायची. आम्हा पोरांना कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. आम्ही ती फडक्यात बांधून आणायचो आणि मोठ्या बहिणीशी त्यावरून मारामारी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर ५० लाखांच्या आसपास माणूस होता. भूकबळीचा जो डोंगर व्हायचा तो झाला नाही, तो यामुळं.

सगळं गोड होतं असं नाही. खडी गरजेपेक्षा जास्त फुटली. तिचे ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून होते, त्यावर बाभळी उगवल्या. मातीचे रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेल्या माणसांचे अंगठे उठले. नोकरीत आल्यावर असली मस्टरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण आईनं माती टाकलेला तो नालाबांध आहे. खालच्या अंगाला चार विहिरी आहेत, पाऊस बरा झाला तर त्यांना दिवाळीनंतरही पाणी असतं. मी खात्यात असताना त्याच बांधाचा गाळ काढायचं काम आमच्याच मंडळात निघालं. गाळ शेतकऱ्यांनी ट्रॉल्या लावून स्वतःच्या रानात नेला.

आणि एक मुद्दा, हा तरुण पोरांना सांगा. इंग्रजांच्या वेळीही दुष्काळी कामं निघत. पण सरकारनं दुष्काळ जाहीर केला तर. म्हणजे भूक लागली की नाही हे कलेक्टर ठरवणार. रोजगार हमीत ते उलटं झालं. मजूर अर्ज करणार, आणि पंधरा दिवसांत काम काढायची जबाबदारी सरकारवर. दिल्लीनं २००५ साली देशासाठी कायदा केला तेव्हा त्यांच्यासमोर आपला हा नमुना होता.

---

गोरेगाव_पूर्व

जतकर आबा, पागेंचं नाव घेतलंत ते फार बरं केलंत. नाहीतर दर १ जुलैला सगळं श्रेय एकाच फोटोला हार घालून मोकळं होतात.

पण बहात्तरचा दुष्काळ मुंबईतून कसा दिसला तेही लेकीनं सांगावं, कारण ऐकणारे मुंबईचे आहेत. माझी आई लाटणं मोर्च्यात होती. १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. त्यातल्या मृणालताई तर आमच्या गोरेगावच्याच. हातात लाटणी आणि थाळ्या. मोर्चे कुणाच्या सरकारवर जायचे? नाईकांच्याच. रेशनच्या दुकानात धान्य वेळेवर नाही, तेल नाही, रॉकेलला रांग. त्याआधीच्या वर्षांत तर धान्याच्या ने-आणीवर बंदी, गावाहून चार पायल्या तांदूळ आणायचा म्हटलं तरी चोरी. आमची आजी अंथरुणाच्या वळकटीत तांदूळ गुंडाळून आणायची आणि तपासणीला माणूस आला की त्या वळकटीवर बसून कण्हायची. "बाई आजारी आहे" म्हणून तो पुढे जायचा. आजी नाटकात असायला हवी होती.

मुद्दा असा की शेतकऱ्याचा कैवारी आणि शहरातल्या गृहिणीचा खलनायक हा एकच माणूस एकाच वर्षी होता. धान्याची खरेदी सरकारनं हातात घेतली, तर शेतकरी म्हणतो भाव कमी देता, आम्ही म्हणतो दुकानात माल नाही. दोघंही खरं बोलत होते.

आणि कायद्याचं श्रेयही नीट वाटा. योजना सुरू झाली, पण रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तोवर नाईकांना पद सोडून चार वर्षं होत आली होती. मधल्या काळात ती टिकली ती मजुरांनी मोर्चे काढले, विरोधी पक्षांनी सभागृह डोक्यावर घेतलं आणि सत्तेतल्यांनाही ती मोडण्याची हिंमत झाली नाही म्हणून. कामावर बायकांची संख्या मोठी होती, हेही जरूर सांगा. नवऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावावर हजेरी आणि स्वतःच्या हातात पैसे, हे कित्येकींना तिथं पहिल्यांदा मिळालं.

---

जतकर_आबा

बाई, शंभर टक्के मान्य. फक्त "मोडण्याची हिंमत झाली नाही" यात एक कारण आणखी जोडा. पैसा वेगळा बांधलेला होता. व्यवसाय कर त्या कामाच्या नावानं वसूल होत होता, त्यामुळं अर्थखात्याला "पैसे नाहीत" म्हणायला तोंड नव्हतं. पुढाऱ्यानं मन मोठं केलं म्हणजे योजना चालते असं नाही, पैशाची तजवीज कुठून केली ते बघायचं. आमच्या नोकरीत कितीतरी चांगल्या योजना पाहिल्या ज्या घोषणेच्या दुसऱ्या वर्षी तरतूद नाही म्हणून मेल्या. शेतकरी दारात येऊन विचारायचा, साहेब पुढचा हप्ता? आम्ही चहा पाजायचो.

---

पुसद_ते_ऐरोली

मी नाईकसाहेबांच्याच पुसद तालुक्यातला, बंजारा तांड्यावरचा. ऐरोलीला नोकरी. आमच्या घरी देवाच्या फोटोशेजारी साहेबांचा फोटो आहे, त्यामुळे मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भटक्या समाजातला माणूस राज्याचा मुख्यमंत्री होतो आणि तो अकरा वर्षं राहतो, याचं आमच्या आजोबांच्या पिढीला काय वाटलं असेल ते मुंबईकराला समजावून सांगणं कठीण आहे. ते पोटात असू द्या.

पण लालबागच्या ताईंनी मुख्यमंत्री होण्याआधीचं एक काम सांगितलंच पाहिजे. महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, २७ जून १९६०. मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला, २२६ शिफारशी. त्यावरून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाकडे बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप, गुरांचा दवाखाना, शाळेची खोली हे सगळं ज्या कार्यालयातून यायचं ते कार्यालयच या समितीतून आलं. स्पर्धा परीक्षेची पोरं तारखा पाठ करतात. पण त्या आधी तालुक्याच्या ठिकाणी शेतकऱ्यानं निवडून दिलेला माणूस बसतो आणि साहेबाला जाब विचारतो, ही गोष्टच नव्हती.

कापसाचंही सांगतो, म्हणजे मी नुसती आरती करतोय असं वाटायला नको. १९७२च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारलाच विकायचा, व्यापाऱ्याला नाही. हेतू चांगला. व्यापारी काट्यात मारायचा, भाव पाडायचा, सावकार आणि व्यापारी पुष्कळदा एकच. हमीभाव मिळाला, त्यावर कधी बोनसही. माझ्या वडिलांनी पहिली दोन वर्षं त्याच पैशावर बैलजोडी बदलली. पुढं मात्र केंद्रावर बैलगाड्यांची रांग, गाडीखाली झोपून काढलेल्या राती, ग्रेडर मूठभर बोंड हातात घेऊन प्रत ठरवणार आणि चुकारा तुकड्या-तुकड्यानं. दिवाळीला विकलेल्या कापसाचे शेवटचे पैसे पेरणीच्या तोंडावर आले असंही झालं. मग शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रातोरात कापूस तिकडं. शेवटी योजना तोट्यात बुडाली आणि या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार उठला. आज व्यापारी घरी येऊन नगदी देतो, तरी आमचा बाबा म्हणतो, "निदान भाव किती मिळणार ते तरी ठावं होतं."

बाकी परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचं नाव दिलं. विद्यापीठ स्थापन झालं ते १९७२ मध्ये, त्यांच्याच काळात.

---

लालबागची_लेक

बाप रे, मी दहा मिनिटांचं विचारलं होतं! सगळ्यांचे आभार. आबा, पगाराची स्लिप उघडून पाहिली. आहे तो रकाना. इतकी वर्षं मी त्याला आयकराचं पिल्लू समजत होते. गोरेगाव बाई, तुमच्या आजीची वळकटी मी चोरणार, नाव न घेता.

आता एकच अडतंय. बहात्तर, मिलो, नालाबांध हे सगळं घाटावरचं. आमच्याकडं तेव्हाही पाऊस पडत होता. आमची माणसं लांजा, राजापूर, कणकवलीकडची. त्यांच्या बांधावर या सगळ्यातून काही आलं का? आणि आबा, तुमच्या कृषी खात्याची यंत्रणा खाली गावात कशी चालायची? माझ्या डोळ्यांसमोर फक्त कपाटं आणि फायली येतात.

---

जतकर_आबा

फायली होत्याच. पण आधी कोकणाचं, कारण त्याचं उत्तर सोपं आहे.

राज्यातली चारही कृषी विद्यापीठं नाईकांच्या काळातली. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. दापोली म्हणजे तुमचं कोकण. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र याच विद्यापीठाखाली चालतं आणि वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात ही काजूची वाणं तिथली. तुमच्या आजोबांच्या परड्यातला काजू रायवळ, म्हणजे बीपासून उगवलेला, असेल तर बी बारीक असेल. ठसठशीत बीचा, कलमी असेल तर बहुधा यातलाच एखादा. विद्यापीठ काढल्यावर फळ मिळायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तोवर काढणारा नेता पदावर नसतो, म्हणून असलं काम करायला फार थोडे तयार होतात.

पण कलम वेंगुर्ल्यात तयार झालं म्हणजे लांज्याच्या कातळावर लागलं असं नाही. तिथं १९९० उजाडावं लागलं. शरद पवार मुख्यमंत्री होते. फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. ही कल्पना आम्हा खालच्या माणसांना पहिल्यांदा ऐकली तेव्हा वेडेपणाची वाटली होती. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात स्वतःसाठी खड्डा खणायचा आणि त्याची मजुरी सरकारनं द्यायची. अल्पभूधारकाला तर सगळा खर्च अनुदानात. कलमं, खत, खड्डे, कुंपण. पैसा एकदम नाही, तीन वर्षांत. आणि पुढच्या वर्षीचा हप्ता झाडं किती जगली ते मोजून.

ही मोजणी आमच्याकडं. तिच्यात अर्धं आयुष्य गेलं. कोकणात काजू-आंबा, आमच्या भागात डाळिंब, बोर. बोराच्या एका बागेत पाहणीला गेलो, रांगा बघून मन भरलं. इतकी चांगली जगवणूक आमच्या माळरानावर! एका रोपाला सहज हात लावला तर ते वर आलं. मूळच नाही. पाहणीच्या आदल्या रात्री पठ्ठ्यानं फांद्या तोडून खोचल्या होत्या. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "साहेब, पाणी नव्हतं, टँकर कोण देणार?" बरोबरच होतं त्याचं. अनुदानात झाडाचे पैसे होते, उन्हाळ्यातल्या पाण्याचे पुरेसे नव्हते. त्याचा हप्ता मी काही मंजूर केला नाही. पण वर लिहून पाठवलं की या भागात खड्ड्याआधी शेततळं द्या. शेततळ्याच्या योजना पुढं आल्या, माझ्या पत्रामुळं नव्हे, असली पत्रं प्रत्येक तालुक्यातून जात होती.

यंत्रणेचं विचारलंत. मी लागलो तेव्हा 'प्रशिक्षण व भेट' नावाची पद्धत होती. जागतिक बँकेच्या पैशातली, आपल्याकडं १९८१च्या सुमारास आली. कृषी सहायकाची गावं गटांत वाटलेली. ठरलेल्या वाराला ठरलेल्या गावात जायचंच. पंधरवड्यातून एकदा आम्हाला शिकवायला वरचे लोक, आणि ते शिकून आम्ही गावात. त्यात कागदी घोडे भरपूर होते. डायरी पहिल्यांदा भरायची, मग गावात जायचं, असंही चालायचं. पण एक गोष्ट होती. मंगळवारी साहेब देवळापाशी असतो हे गावातल्या म्हातारीलाही माहीत असायचं. करप्याचं पान, किडका दाणा, काहीही असो, ती पदरात बांधून आणायची. आज माझ्या मोबाइलवर हवामान, भाव, कीड, सगळं येतं. पण देवळापाशी ठरलेल्या वाराला येणाऱ्या माणसाकडं जास्त गावं आणि जास्त पोर्टलं झाली आहेत. तो बिचारा पाहणी कमी आणि फोटो अपलोड जास्त करतो.

भाषणात वेळ मिळाला तर तुमच्या पोरांना एवढं विचारा की मुख्यमंत्री, मंत्री, आयुक्त यांच्यापैकी किती जणांना आपल्या खात्याच्या शेवटच्या माणसाच्या मोटारसायकलीला पेट्रोल कोण घालतं हे माहीत असेल. आम्ही आमच्या खिशातून घालायचो. प्रवास भत्ता यायचा तेव्हा टायर बदलायची वेळ आलेली असायची.

---

दादर_पश्चिम

आबा, तुम्ही दहा मिनिटं बोला, लेक हार घालेल. मी मागची वसंतसेना मागे घेत नाही, पण व्यवसाय कराचं मला माहीत नव्हतं.

---

कणकवली_कांदिवली

धागा वाचत होतो, मध्येच घुसतो. आमची वाडीत साधारण वीस गुंठे वरकस, म्हणजे भातशेती न होणारी डोंगरउताराची, जमीन पडून आहे. सातबाऱ्यावर वडील आणि दोन काका. मी कांदिवलीला खासगी नोकरीत. अशा जमिनीवर आता काजू लावायला अनुदान मिळतं का? की ते १९९०पुरतंच होतं? आणि मी मुंबईत राहतो म्हणून अडवतील का?

---

जतकर_आबा

मिळतं. दोन वाटा आहेत. पहिली रोजगार हमीतली फळबाग. तिथं मजुराचं जॉब कार्ड लागतं, ते तुमच्याकडं नसणार. दुसरी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, २०१८ पासूनची, जॉब कार्ड नसलेल्यांसाठीच काढलेली. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. कोकणात किमान दहा गुंठे लागतात, इतर भागात वीस. तेव्हा वीस गुंठ्यात तुमचं काम होतं. अनुदान तीन वर्षांत, पन्नास, तीस आणि वीस टक्के असं. दुसऱ्या वर्षी ऐंशी टक्के झाडं जिवंत हवीत, तिसऱ्या वर्षी नव्वद. म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी वेळेवर नवी लावून घ्यायची.

मुंबईत राहता म्हणून कुणी अर्ज नाकारणार नाही, पण ज्याचं पोट फक्त शेतीवर आहे त्याला आधी प्राधान्य, आणि ते योग्यच आहे. अर्ज तुमच्या नावानं नाही, सातबाऱ्यावर नाव असलेल्या वडिलांच्या नावानं करा. कलमं सरकारमान्य रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपा. पूर्वसंमती येण्याआधी खड्डे खणू नका, त्या खर्चाचा एक रुपया मिळत नाही. आणि उन्हाळ्यात पाणी घालणारं माणूस गावात आहे का ते सगळ्यात आधी बघा. नसेल तर लावूच नका. मी तुम्हाला बोराच्या फांद्या खोचणाऱ्याची गोष्ट वर सांगितली आहे.

काकांचं संमतिपत्र लागेल. फोनवर "हो हो" म्हणतात आणि कागद पुढं केला की चष्मा सापडत नाही. गणपतीला सगळे घरी येतात ना? गौरी जेवल्या की त्याच दिवशी सह्या घ्या, विसर्जनानंतर थांबू नका. दोघांची तोंडं दोन गाड्यांत मुंबईकडं लागलेली असतात.

---

कणकवली_कांदिवली

आबा, मोठे काका गणपतीला येतात पण वडिलांशी बोलत नाहीत. बांधावरूनच झालंय. तरी बघतो. काकूंना पुढे करतो.